कै. डॉ. रुसवा यांच्या सहकारी

डॉक्टर रुसवा नावाचं माणूस या पृथ्वीच्या पाठीवर कधी जन्मालाच आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्हीही फसायचात, आणि फसलेल्यांची रांग आधीच भरपूर लांब आहे. त्या रांगेत प्राध्यापक आहेत, ग्रंथकार आहेत, परदेशातल्या अकादम्यांचे सभासद आहेत, आणि सगळ्यांत पुढे छाती काढून मोठे सर उभे आहेत. मोठे सर तर डॉक्टर रुसवांबरोबर एकदा जेवलेसुद्धा आहेत. पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

खरी आहे ती पेशीबाई. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव आहे, पण संशोधन संस्थेत सगळे तिला पेशीबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि ती 'ओ' देते. दुसऱ्या मजल्यावर शेवटची खोली तिची. खिडकीची फट पुठ्ठ्याच्या घडीने बुजवलेली, कोपऱ्यात पेशी ऊबेत ठेवायचं कपाट दिवसभर गुणगुणत असलेलं, आणि फ्रीजवर 'येथे जेवणाचा डबा ठेवू नये' अशी मोठ्या अक्षरांतली सूचना. ती सूचना बाईनेच लिहिलेली, आणि आतला डबाही बाईचाच. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, पेशींशी मोठ्याने बोलणारी. आणि हसायची तर अशी, की एकदा सुरू झाली की उचकी लागल्याशिवाय थांबायची नाही. भर बैठकीत तिला पाणी आणून द्यायची जबाबदारी संस्थेने अलिखितपणे उंदीरमामांवर टाकली होती. उंदीरमामा म्हणजे प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे. त्यांना उंदरांची सवय होती, त्यामुळे बाईंचीही झाली.

बाईचं काम काय, तर शरीराच्या पहारेकऱ्यांचं. रोगजंतू आत शिरला की त्याला ओळखायचं आणि बडवायचं, हे काम करणाऱ्या पेशी आपल्या रक्तात फिरत असतात. बाईला तरुणपणी दिसलं की त्यांतल्या काही पेशी भलत्याच वागतात. जंतूला बरोबर ओळखतात, ओळखल्याची खूण अंगावर उमटते, आणि तरी ढिम्म बसून राहतात. मेलेल्या नाहीत, आजारी नाहीत, दमलेल्याही नाहीत. सगळं कळतंय आणि काही करायचं नाही, असा एकूण पवित्रा. काही माणसांना लस टोचूनही तिचा गुण का येत नाही, याचं उत्तर इथेच कुठेतरी आहे, हे बाईने हेरलं. पण या अवस्थेला म्हणायचं काय?

तिने हे गाऱ्हाणं नेलं ताईकडे. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, शिवणकामाच्या दुकानाची मालकीण, गळ्यात कायम मोजपट्टी आणि ओठांत टाचण्या. बाईची लेक तेव्हा रांगत होती आणि ती रांगायची ताईच्या दुकानात, कापडाच्या तुकड्यांमधून. प्रयोग सोडून घरी बसायची पाळी बाईवर आली नाही ती ताईमुळे, हे बाई कुणालाही सांगायची.

"ओळखतात गं सगळं," बाई म्हणाली, "पण तोंड फिरवून बसतात मेल्या."

"मग रुसल्यात," ताई टाचण्यांमधून म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

झालं. बाईने तिथल्या तिथे ताईच्या गालाचा पापा घेतला आणि थेट प्रयोगशाळा गाठली. पुढे तिने हेही दाखवून दिलं की अशा पेशीजवळ शेजारची एक विशिष्ट पेशी येऊन नुसती टेकली, की रुसलेली पेशी सगळं विसरून कामाला लागते. शोधनिबंध लिहिला तेव्हा त्या अवस्थेला तिने तोच घरचा शब्द दिला, रुसवा. खाली बारीक टाइपात टीप टाकली: या शब्दाचा अर्थ अमुक, आणि तो देणारी माझी बहीण तमुक, जिच्यामुळे हे प्रयोग पुरे झाले. ताईचं नाव आडनावासकट. आणि मग दुकानात जाऊन सांगितलं की तुझं नाव जगभर छापून येतंय.

ताईने गिऱ्हाइकांना सांगितलं, बटणवाल्याला सांगितलं, समोरच्या औषधाच्या दुकानात सांगितलं. भिंतीवर चौकटीसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला.

निबंध आला. टीप नव्हती. पानात जागा नव्हती म्हणून कुणीतरी ती सरळ कापून टाकली होती. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण छापणाऱ्याला 'रुसवा' हे कुणाचं तरी आडनाव वाटलं आणि त्याने, त्यांच्या लिपीत नावांचं काढतात तसं, पहिलं अक्षर मोठं काढलं.

त्या एका कात्रीने दोन कामं केली. इकडे ताई रुसली, आणि तिकडे डॉक्टर रुसवा जन्माला आले.

ताईचं रुसणं म्हणजे काही साधंसुधं नव्हतं. येणंजाणं तिने मुळीच सोडलं नाही. भाचीवर तिचा जीव होता. दर सुट्टीला यायची, बहिणीच्या समोर बसायची, फक्त बहिणीशी बोलायची नाही. सगळं बोलणं मास्तरांमार्फत. मास्तर म्हणजे बाईचा नवरा, शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी टपालखातं चालवायचे.

"मास्तर, तुमच्या घरातल्या शास्त्रज्ञांना सांगा, पंखा कमी करा."

"अगं, ताई म्हणतायत पंखा कमी कर."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, केला."

"ताई, केला म्हणते."

"दिसतंय मला, मास्तर."

बाईने काय नाही केलं? संपादकाला खरमरीत पत्र धाडलं. त्याचं गुळमुळीत उत्तर मास्तरांच्या हाती ताईकडे पाठवलं. मूळ टिपेची झेरॉक्स पाठवली. पुढच्या प्रत्येक निबंधात ताईचे आभार मानले आणि प्रत्येक निबंधाची प्रत लेकीबरोबर दुकानात पोचवली. ताई प्रती ठेवून घ्यायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची मापं उतरवायची.

आणि तिकडे डॉक्टर रुसवा दिसामाशी वाढत होते. आधी कुणीतरी लिहिलं, 'रुसवा यांनी प्रथम दाखवून दिल्याप्रमाणे'. मग दुसऱ्याने लिहिलं, 'रुसवा आणि सहकारी'. ते सहकारी म्हणजे पेशीबाई. मग पाठ्यपुस्तकात 'रुसवा परिणाम' आला आणि मुलं तो परीक्षेत लिहायला लागली. एका जाडजूड ग्रंथात त्यांचं चरित्र दोन ओळींत आलं: थंड प्रदेशात जन्म, प्रसिद्धीपराङ्मुख स्वभाव, अकाली निधन. प्रसिद्धीपराङ्मुख हे मात्र खरं मानायला हवं. त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं.

बाईने सुरुवातीला चार-पाच ठिकाणी दुरुस्ती कळवली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणि मग ते प्रसिद्ध परीक्षण आलं. बाईने रुसव्यावरचा नवा निबंध एका मातब्बर नियतकालिकाकडे पाठवला होता. तो परत आला. निनावी परीक्षकाने शेरा मारला होता, 'लेखिकेने डॉ. रुसवा यांचे मूळ कार्य वाचलेले दिसत नाही.'

बाई हसत हसत खुर्चीवरून खाली बसली. तिथून आडवी झाली. उंदीरमामांनी दोन पेले पाणी आणलं, तिसरा स्वतः प्यायले. घरी मास्तरांना वाचून दाखवताना ती तीनदा अर्ध्यावर थांबली, आणि मास्तर हसता हसता चष्मा पुसायला उठले. आणि मग एकाएकी बाईने कागदाची घडी घातली. हे सगळं ज्या एका माणसाला सांगायला खरी मजा आली असती, ते माणूस तिच्याशी बोलत नव्हतं. ताई कशी हसली असती, मशीनवर डोकं टेकून, टाचण्या सांडत, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. बाईला दुसरं काही नको होतं. मानसन्मान डॉक्टर रुसवांनी खुशाल न्यावेत, ताईने एकदा 'धाकटे' म्हणून हाक मारावी.

अशात शास्त्रज्ञांच्या मंडळाने ठरवलं की या थोर संशोधकाच्या नावाने व्याख्यान सुरू करायचं. डॉ. रुसवा स्मृती व्याख्यान. पहिला मान त्यांच्या हयात सहकारी पेशीबाई यांना, आणि तेही बाईच्याच संस्थेच्या सभागृहात. चिटणीसांचा फोन आला तेव्हा बाईच्या तोंडात टोस्ट होता.

"मॅडम, एक अडचण होती. डॉक्टरसाहेबांचा फोटो कुठेच मिळत नाही. तुमच्याकडे एखादा असेल का?"

बाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं. बाईच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. "आहे की," ती म्हणाली.

तिने पाठवला तो ताईचा फोटो. गळ्यात मोजपट्टी, कपाळाला आठी, आणि फोटो काढणाऱ्याकडे तो चुकलाय अशा नजरेने पाहणं. असा शास्त्रज्ञ चेहरा त्या अख्ख्या मंडळात एकाचाही नव्हता. आता बाईची बाजूही सांगितली पाहिजे. फोटोबरोबर तिने ऐसपैस मेल लिहिली होती: रुसवा म्हणजे कोण, टीप कशी गेली, ही माझी बहीण, हिचं नाव हे, ही शिवते, ही ठणठणीत आहे. यानिमित्ताने ताईचं नाव एकदाचं जगासमोर येईल, अशी तिची मनापासून आशा होती. पण चिटणीस कामाचे माणूस. त्यांनी फोटो घेतला आणि मेल सवडीने वाचायला ठेवली.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी संस्थेच्या फाटकावर, जिन्यात, थेट बसथांब्यापर्यंत पोस्टर झळकलं. काळ्या चौकटीत ताई. खाली, 'कै. डॉ. रुसवा'.

ताईच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं ते दारातच थबकलं. रुग्णालयात काम करणारी परिचारिका होती, तिचा कोट लांबी कमी करायला दिला होता. "बाई," ती चाचरत म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना? माझा कोट झाला असेल तर आत्ताच नेते."

तासाभरात ताई संस्थेच्या जिन्यात पोस्टरसमोर उभी होती. मोजपट्टी गळ्यातच. पेशीबाई वरून धावत आली आणि शेवटच्या पायरीवर थिजली. ती पहाटेच पेशींपाशी गेली होती, पोस्टर तिलाही आत्ताच दिसत होतं. दोघींच्या मध्ये, नशीब फुटकं म्हणून, उंदरांचा पिंजरा घेतलेले उंदीरमामा सापडले.

"अहो, तुम्ही," ताई त्यांना म्हणाली, "या बाईंना विचारा, मी कधी मेले."

"बाई, या विचारतात..." मामांनी पोस्टरकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि पिंजरा छातीशी घट्ट धरला.

"मामा, ताईला सांगा, मी सगळं लिहून कळवलं होतं. त्यांनी वाचलं नाही."

"यांचं कुणी काही वाचतच नाही, असं आम्हाला पूर्वीही सांगण्यात आलंय," ताई म्हणाली. "त्यांना म्हणावं, आज सगळ्यांसमोर मला जिवंत करा. मी ऐकायला बसणार आहे."

आणि ती सभागृहात गेलीसुद्धा. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर कागद चिकटवला होता: 'राखीव, कै. डॉ. रुसवा यांचे नातेवाईक'. ताईने तो दोनदा वाचला, आणि बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने मामांना बसवलं, कारण मध्ये बोलायला कुणीतरी हवंच होतं. पिंजरा त्यांच्या मांडीवर.

आता मोठे सर. हे मंडळाचे अध्यक्ष आणि पेशीबाईचे एके काळचे गुरू. पांढरेशुभ्र केस, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. बाई पन्नाशी उलटलेली बाई, पण सरांसमोर तिची आजही बोबडी वळायची. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात डॉक्टर रुसवांवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यात रुसवा दाढीवाले होते. सकाळी सरांनी पोस्टर पाहिलं आणि व्याख्यानापर्यंत दाढी गेली.

"रुसवाबाईंना मी जवळून पाहिलं," सर माइकवरून म्हणाले. "विलक्षण अबोल. एकदा भोजनाच्या वेळी आम्ही शेजारी होतो. दोन तासांत त्या एकच वाक्य बोलल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'तुमच्या हातून मोठं काम होणार आहे.'"

"मामा," ताई म्हणाली, हळू बोलण्याची तिची कल्पना जरा वेगळी होती, "यांना विचारा, जेवायला काय होतं."

तिसऱ्या रांगेपर्यंत लोक वळून बघायला लागले. एकाने पोस्टर पाहिलं, ताईला पाहिलं, पुन्हा पोस्टर पाहिलं, आणि शेजाऱ्याचा दंड धरला.

पेशीबाई माइकजवळ गेली. खरं सांगावं तर मोठ्या सरांची भर सभेत शोभा. न सांगावं तर ताई उठून जाणार, आणि या खेपेला ती सुट्टीलाही यायची नाही. तिने सरांकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ताई कपाळाला आठी घालून, हाताची घडी घालून, स्वतःची नातेवाईक म्हणून बसली होती. आणि बाईला हसू फुटलं. तिने दाबलं, ते नाकातून आलं, माइकने ते सगळ्यांना ऐकवलं.

"डॉक्टर रुसवा वारलेल्या नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "त्या डॉक्टरही नाहीत. त्यांचं नाव रुसवा नाही. म्हणजे, रुसल्या आहेत, तेवढं मात्र खरं. त्या या काय, समोर बसल्यात."

मग बाईने सगळं सांगितलं. दुकान, टाचण्या, लेक, कापलेली टीप. ती टीप तिला तोंडपाठ होती, ती तिने अर्थासकट, ताईच्या नाव-आडनावासकट म्हटली. परीक्षकाचा शेराही सांगितला. तिथे मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग काही धरबंध राहिला नाही. चिटणीस तर हातात फोन धरून, ती मेल आत्ता वाचत, डोळे पुसत होते. ज्यांनी ज्यांनी 'रुसवा यांनी दाखवून दिल्याप्रमाणे' लिहिलं होतं, ते एकमेकांकडे बोट दाखवून हसत होते, आणि जवळजवळ सगळ्यांनीच लिहिलेलं होतं.

मोठे सर लालबुंद झाले. ते उठले, मंचावरून खाली उतरले, ताईसमोर जाऊन उभे राहिले. "म्हणजे आपण," सर सावकाश म्हणाले, "कधी भेटलो नव्हतो."

"नाही," ताई त्यांना म्हणाली. "आणि भेटलो असतो तर दोन तास मी गप्प बसले असते होय?"

सरांचा खांदा हलला. मग दुसरा हलला. मोठ्या सरांना हसताना त्या संस्थेने तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचं हसणं बारीक आणि चिवचिवाटासारखं निघालं, आणि ते ऐकून बाईची उचकी जी सुरू झाली ती व्याख्यान संपेपर्यंत थांबली नाही. रुसव्याचं सगळं शास्त्र तिने त्या दिवशी उचक्यांमधून सांगितलं, आणि तिचं म्हणणं लोकांनी इतक्या मन लावून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

सभा पांगली. नोकर खुर्च्या एकात एक घालत होते. पेशीबाई आनंदाने तरंगत पहिल्या रांगेशी आली. "मामा, ताईला सांगा," ती म्हणाली, "सर म्हणाले, टीप आता मंडळ छापणार. पूर्ण नाव. झालं ना मनासारखं?"

पण मामांची खुर्ची रिकामी होती. ते पिंजरा घेऊन सटकले होते. मास्तर दाराशी उभे होते, त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली आणि भिंतीवरचा नकाशा पाहायला लागले. ताईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मध्ये घालायला कुणी उरलं नव्हतं. तिने मोजपट्टी गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"नावाचं काय घेऊन बसलीस?" ताई म्हणाली.

बाईने तो शब्द पुन्हा मनात म्हटला. बसलीस. मास्तर नाही, मामा नाही, थेट तिला.

"नाव नाही आलं, वाईट वाटलं. आठवडाभर वाटलं. पुढे मी कशाची वाट बघत होते, धाकटे? तू मास्तरांना पाठवलंस. त्या संपादकाचं पत्र पाठवलंस. झेरॉक्स पाठवलीस, पोरीला पाठवलंस, निबंध पाठवलेस. दुकान काय समुद्रापलीकडे आहे? एकदा स्वतः येऊन, शेजारी बसून, 'ताई, रागावलीस का' एवढं विचारायला तुझं काय जात होतं?"

रुसलेल्या पेशीपाशी कुणीतरी येऊन टेकावं लागतं, हे पेशीबाईने जगाला सांगितलं होतं. जगाने ते पाठ केलं होतं. तिला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही मिळून पुन्हा उचकी लागली. ती नातेवाइकांच्या राखीव जागेत, ताईला खेटून बसली.

"ताई," ती म्हणाली, "रागावलीस का गं?"

"हो," ताई म्हणाली. तिने समोरच पाहत नाक ओढलं, आणि बहिणीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "खूप रागावलेय. अजून एकदा विचार."